हरवलेली मूळ प्रत आणि चेलोवादकाचा गज

आजच्या चेलोवर (व्हायोलिनच्या कुळातले, बसून वाजवायचे मोठे वाद्य) बरोक काळातले, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधले, एकल संगीत वाजवायला घेतले की दोन प्रश्न एकदम उभे राहतात, आणि बहुतेक चर्चांमध्ये ते एकमेकांत मिसळून जातात. एक प्रश्न वाद्याचा आहे: पोलादी तारांचे, जमिनीवर टेकवलेले, ताणलेल्या मानेचे आजचे वाद्य त्या संगीताला न्याय देऊ शकते का. दुसरा कागदाचा आहे: वाजवायचे नेमके काय, हे कोणी लिहून ठेवले आहे का. वाद पहिल्यावरून अधिक होतात. माझ्या मते वादकाची खरी कोंडी दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि तिचा इतिहास समजल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे वजनही नीट कळत नाही.

साथीशिवायच्या चेलोसंगीताची सुरुवात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत झाली. आतड्यापासून केलेल्या तातेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याचे तंत्र त्या सुमारास रुळू लागले, जाड तारांचा मंद आवाज उजळला आणि आधीपेक्षा लहान आकाराच्या वाद्यातूनही भरीव खर्ज निघू लागला. ‘व्हायोलोन्चेलो’ हा शब्द १६६५ साली छापील संगीतात आढळतो. बोलोन्याच्या दोमेनिको गाब्रिएली यांनी १६८९ साली लिहिलेले रिचेरकार (त्या काळचा एक वाद्यसंगीताचा प्रकार) हे साथीशिवायच्या चेलोसाठीचे अगदी सुरुवातीचे संगीत होय. त्या रचना वाचताना लक्षात येते की त्यांची सर्वांत वरची तार आजच्यासारखी ए स्वरात नसून एक स्वर खाली, जी मध्ये लावलेली होती. म्हणजे तारा लावण्याची एकच पद्धत तेव्हा पक्की झालेली नव्हती. वाद्याचा आकार आणि गज धरण्याची रीतही प्रदेशागणिक बदलत असे, आणि कित्येक वादक गज खालून, तळहात वर ठेवून धरीत.

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख यांचे एकल चेलोसाठीचे सहा सुइट (नृत्यांवर आधारलेल्या तुकड्यांच्या मालिका) साधारण १७२० च्या आसपासचे, बहुधा क्योटन येथील दरबारी नोकरीतले (१७१७ ते १७२३) मानले जातात. पाचव्या सुइटमध्ये वरची तार पुन्हा जी मध्ये उतरवायची सूचना आहे, आणि सहावा सुइट पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेला आहे. चार तारांच्या आजच्या चेलोवर सहाव्या सुइटमधले कित्येक स्वरसमूह डाव्या हाताला मोठ्या उड्या मारायला लावतात, तेही अंगठा तारांवर टेकवून वरच्या पट्ट्यात. ‘आधुनिक चेलोवर बाख’ ही तडजोड कोठे सुरू होते, ते येथे सर्वांत उघड दिसते.

पण मूळ अडचण वेगळीच आहे. बाख यांच्या हातची या सुइटची प्रत आज अस्तित्वात नाही. हाती आहेत त्या नकला: एक योहान पेटर केल्नर या ऑर्गनवादकाने १७२६ च्या सुमारास केलेली, एक बाख यांची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिने त्यानंतर काही वर्षांत केलेली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन निनावी नकला. स्वर बहुतांशी जुळतात. जुळत नाहीत ते कंस, म्हणजे एका गजात किती स्वर घ्यायचे हे सांगणाऱ्या वक्ररेषा. पहिल्या सुइटच्या प्रील्यूडमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्यात, कंस तीन स्वरांवर आहे की चार, आणि तो कोणत्या स्वरापासून सुरू होतो, यावर वादकांच्या पिढ्यांनी डोके खपवले आहे. घाईत ओढलेली ती रेष थोडी उजवीकडे सरकलेली असते, आणि तेवढ्याने वाक्याचा सगळा जोर बदलतो.

या बाबतीत इतिहासाने एक नामी पुरावा मात्र ठेवला आहे. एकल व्हायोलिनसाठीच्या सोनाटा आणि पार्तिता या रचनांची बाख यांनी १७२० साली स्वहस्ते लिहिलेली प्रत शाबूत आहे, आणि त्यांचीही नक्कल आना माग्डालेनाने केलेली आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या की दिसते की स्वर ती काळजीपूर्वक उतरवते, कंसांच्या बाबतीत मात्र ढिली राहते. तेव्हा चेलोच्या नकलेतल्या कंसांवर किती विसंबायचे? बहुतेक संपादक ते सुधारून, समान करून छापतात. डच चेलोवादक आनर बिल्स्मा यांनी उलट भूमिका घेतली आणि आना माग्डालेनाचे विसंगत वाटणारे कंसही हेतुपुरस्सर आहेत असे मानून ते तसेच वाजवून पाहिले. त्यांची मांडणी सगळ्यांना पटलेली नाही, मलाही पूर्ण पटत नाही. पण तिच्यामुळे कान ताजे होतात, हे कबूल करावे लागते.

ही पोकळी एकोणिसाव्या शतकाने आपल्या आवडीने भरून टाकली. सुइट प्रथम छापले गेले ते १८२४ च्या सुमारास, पॅरिसमध्ये. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान यांनी १८५३ साली त्यांना पियानोची साथ लिहिली, कारण एकटे वाद्य अपुरे वाटत असे. जर्मन चेलोवादक फ्रीडरिश ग्रुत्झमाखर यांच्या १८६० च्या दशकातील मैफिलीसाठीच्या आवृत्तीत स्वरसमूह भरले गेले, आवाजाच्या चढउताराच्या खुणा वाढल्या आणि मूळ मजकूर त्याखाली झाकला गेला. याच सुमारास वाद्यही बदलत गेले. फ्रेंच गजकारागीर फ्रांस्वा तूर्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आतल्या बाजूला वाकलेल्या गजाला पक्के रूप दिले. त्याआधीचा गज सरळ किंवा बाहेर फुगलेला असे, टोकाला हलका, त्यामुळे प्रत्येक ओढीच्या शेवटी आवाज आपोआप ओसरत असे. नव्या गजाने आवाज शेवटपर्यंत भरीव धरता येऊ लागला. बेल्जियन वादक आद्रियें-फ्रांस्वा सर्वे यांच्यामुळे तळाची टेकूदांडी रूढ झाली आणि गुडघ्यांत धरलेले वाद्य जमिनीवर आले.

पुढे विख्यात झालेले स्पॅनिश चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना १८९० साली, तेराव्या वर्षी, बार्सेलोनातील छापील संगीताच्या जुन्या दुकानात सुइटची जी आवृत्ती मिळाली ती ग्रुत्झमाखर यांचीच होती. १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी सहाही सुइट ध्वनिमुद्रित केले आणि सरावाचे धडे समजले जाणारे हे संगीत मैफिलीचे झाले. येथे एक गोष्ट नजरेआड होते: त्या काळी कित्येक वादक वरच्या तारांसाठी अजून तातच वापरीत होते. आज ज्याला आपण आधुनिक चेलो म्हणतो, तो सर्व बाजूंनी पोलादी तारांचा झाला तो विसाव्या शतकात बराच पुढे.

ऑस्ट्रियन चेलोवादक निकोलाउस हार्नोन्कूर यांनी १९६५ साली बरोक चेलोवर सुइट मुद्रित केले, आणि तातेच्या तारा, ए स्वराची ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झ अशी खालची पट्टी, टेकूदांडीचा त्याग हे सारे हळूहळू शाळेच्या शिस्तीसारखे झाले. ४१५ हा आकडाही सोयीसाठी ठरवलेला आहे. बाख यांच्या काळी पट्टी गावोगाव, इतकेच काय, चर्च आणि दरबार यांतही वेगळी असे. बिल्स्मा यांनी १९७९ मध्ये जुन्या धर्तीच्या वाद्यावर सुइट मुद्रित केले, आणि १९९२ मध्ये पुन्हा मुद्रित केले ते एकेकाळी सर्वे यांच्याकडे असलेल्या, इटालियन वाद्यकार स्ट्रादिवारी यांनी घडवलेल्या चेलोवर. आज पोलादी तारांच्या चेलोवर जुन्या धर्तीचा गज घेऊन वाजवणारेही आहेत. मला ही वाट सर्वांत उपयोगी वाटते, कारण उच्चाराचा प्रश्न तारेपेक्षा गजाच्या हातात जास्त असतो, आणि हलक्या टोकाचा गज कंस कोठे संपावा हे स्वतःच सुचवतो.

२००० साली बेरेनरायटर या प्रकाशनसंस्थेने चारही हस्तलिखिते आणि पहिली छापील आवृत्ती यांच्या छायाप्रती एकत्र दिल्या. पूर्वी अशी तुलना करायला ग्रंथालये पालथी घालावी लागत. आता विद्यार्थीही पाच पाने शेजारी उघडून बसतो आणि आपले कंस पेन्सिलीने स्वतः मांडतो.