एक छप्पर, दोन वाटा: मुंबईतल्या निसर्गफेऱ्या आणि हस्तकला कार्यशाळांची पार्श्वभूमी

एका रविवारी ओहोटीला किनाऱ्यावर खेकडे-शंख ओळखायला जायचं, दुसऱ्या रविवारी शाडूची मूर्ती करायला बसायचं. मुंबईत मोठ्या माणसांनी हे करणं आता नवलाचं राहिलेलं नाही. या दोन्ही हौशींचा माग काढत गेलं तर आपण भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या एकाच इमारतीत पोहोचतो.

व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमची ही इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. १९७५ पासून ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते. इथल्या कपाटांत हस्तकलेच्या वस्तू आहेत आणि निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांच्या मातीच्या लहान प्रतिकृतीही. म्हणजे कारागीर आहे, पण काचेमागे आणि मुका.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. सुरुवातीच्या बैठका याच संग्रहालयात भरत. कोणी पेंढा भरलेला पक्षी आणी, कोणी बाटलीतला साप, आणि त्यावर चर्चा चाले. पुढच्याच वर्षी संस्थेने सदस्य एच. एम. फिप्सन यांच्या फोर्टातल्या वाइनच्या दुकानात बिऱ्हाड हलवलं. १८८६ मध्ये जर्नल निघालं, इंग्रजीत.

हस्तकलेची वाट सर ज. जी. कलाशाळेकडे वळली. शाळा १८५७ची, आणि तिच्याशी जोडलेल्या रे आर्ट वर्कशॉप्स १८९१च्या. पण ते शिक्षण पोटापाण्यासाठी होतं. नोकरी सांभाळून, नुसत्या कुतूहलापोटी माती मळायला कोणी आलं तर त्याला तिथे जागा नव्हती. निसर्गाच्या बाजूला मराठीतून बोलणारं व्यासपीठही उशिराच आलं. मराठी विज्ञान परिषद १९६६ची. मग धारावीजवळ, मिठीकाठी, जुन्या कचराभूमीवर झाडं लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये खुलं झालं. सभागृहातलं व्याख्यान आणि बाहेरची फेरी तिथे एकाच सकाळी जमू लागली.

खरा फरक पडला तो ज्याच्या हातात विद्या आहे तोच माणूस समोर आल्यावर. किनाऱ्याची फेरी ठरवायची तर भरती-ओहोटीचा तक्ता लागतो, पण कोळीवाड्यात त्याआधीपासून तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. भरतीपासून सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी, म्हणजे द्वितीयेला सकाळी साडेसात-पावणेआठला. हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तक्ता पाहावाच. अष्टमीला याच हिशेबाने ओहोटी ऐन दुपारी बाराला येते. वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचा काळ असतो, पाणी फारसं मागे हटत नाही आणि खडक उघडेच पडत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेच निवडावेत. नवखे आयोजक लोकांना ओहोटीच्या ठोक्यालाच बोलावतात, तिथेच चुकतं. तासभर आधी उतरावं आणि पाण्यामागोमाग खाली जावं. पाणी वळलं की परतायचं, कारण ते आधी खोलगट भागांतून पाठीमागे भरतं. शेवाळलेल्या खडकावर सपाट तळव्याची चप्पल घसरते. पट्ट्याचे, खाचांच्या तळव्याचे सँडल बरे. उलटवलेला दगड होता तसा परत ठेवायचा, नाहीतर त्याखालचं सगळं उन्हात वाळतं.

शाडूच्या कार्यशाळा वाढल्या त्या प्लॅस्टरच्या मूर्तींवरून सुरू झालेल्या वादानंतर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये काढली, २०२० मध्ये सुधारली. प्लॅस्टर पाण्यात विरघळायला फार वेळ घेतं, हे चौपाटीवर दुसऱ्या दिवशी दिसतंच.

आठ-नऊ इंची मूर्तीला साधारण तीन-चार किलो मळलेली माती लागते. माती कणकेसारखी मळायची. बोटाला चिकटली तर पाणी जास्त, वाकवताना कडेला भेगा आल्या तर कमी. आधी आसन आणि पोट, मग पाय, हात, शेवटी डोकं. पोट ओलंच असताना डोकं बसवलं की मान खचते. फार वाळल्यावर बसवलं तर नवा ओला भाग जास्त आटतो आणि सांधा फाटतो. सोंड आणि कान गळून पडतात ते बहुधा यामुळेच. दोन्ही बाजूंना कोरणीने रेघा ओढाव्यात, पातळ केलेली माती लावावी, मग दाबावं. शहरी हातांची खोड म्हणजे पाण्याचं बोट फिरवत राहणं. मूर्ती चकचकीत होते खरी, पण वरचा थर आधी आकसतो आणि बारीक चिरा धरतो.

वाळवायची सावलीत, पंख्याच्या थेट झोतात नाही. पावसाळी मुंबईत आठ-दहा दिवस धरावेत. अर्धवट सुकलेली मूर्ती बादलीत घातली तर गोळ्यासारखी तशीच राहते. पूर्ण वाळलेली मात्र बुडबुडे सोडत काही तासांत ढासळते, कारण कोरड्या मातीच्या छिद्रांत पाणी वेगाने शिरतं. तेलरंग लावला असेल तर हेही होत नाही. आणि तो गाळ तुळशीच्या कुंडीत ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो तो ऐकू नये. शाडू सुकून घट्ट बसतो, पाण्याचा निचरा थांबतो आणि मुळं कुजतात. वरचं पाणी निथळू द्यावं, माती फडक्यावर पसरून वाळवावी, कुटून डब्यात भरावी. पुढच्या श्रावणात तीच भिजवता येते.