जुन्या स्पोर्ट्स कारमधील मीटर-दिव्यांची दुरुस्ती

वेग, इंजिनाचे फेरे, इंधन, पाण्याचे तापमान आणि तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरना रात्री आतून उजेड देणारे छोटे बल्ब, त्यांचे होल्डर, वायरिंग, डिमर (उजेड कमी-जास्त करणारे बटण) व अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) यांची दुरुस्ती. काम मोटार-वायरमनचे असले, तरी मल्टिमीटर व टेस्ट लॅम्प हाताशी असेल तर मालकालाही जमते. बल्ब स्वस्त असतो. वेळ जातो तो त्याच्यापर्यंत हात पोचवण्यात. म्हणून मीटर एकदा बाहेर आले की चालू असलेले बल्बही त्याच बैठकीत बदलतात.

कोल्हापूरचा पावसाळा आणि गाडीचे क्वचित बाहेर निघणे ही जोडी या दिव्यांना बाधते. जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीत दमट हवा साचते, पितळी होल्डरला कळंक चढतो आणि दिवाळीत गाडी बाहेर काढावी तर वेगाचा काटा अंधारात. शहरात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे हे चटकन लक्षातही येत नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा आंबा घाटातल्या धुक्यात मात्र लगेच कळते.

निदान बल्बपासून नव्हे, लक्षणापासून सुरू होते. मीटरचे बल्ब समांतर जोडलेले असल्याने एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. एकच मीटर अंधारात असेल तर दोष त्याच्या बल्बमध्ये किंवा होल्डरमध्ये. सगळी मीटर एकदम विझली असतील तर सगळे बल्ब एकाच रात्री गेले असे धरून चालू नये. फ्यूज, डिमर किंवा सामाईक अर्थ तपासावा. बहुतेक गाड्यांत मीटर-दिव्यांना वीज पार्किंग लाइटच्या लाइनवरून मिळते. त्यामुळे मागच्या टेललॅम्पमध्ये पाणी शिरून फ्यूज उडाला तरी डॅशबोर्ड काळा होतो. नंबरप्लेटचा दिवाही बंद असेल तर मीटर खोलण्याआधी तो फ्यूज पाहावा. इंधनाचा काटा नीट चालतो म्हणून दिव्यांचीही लाइन ठीक, हा तर्क चुकतो. ती दोन वेगळी सर्किटे आहेत.

डिमर हा दुर्लक्षित गुन्हेगार. जुन्या गाड्यांत तो तारेच्या वेटोळ्याचा रिओस्टॅट (फिरवून विजेचा अडथळा कमी-जास्त करणारा भाग) असतो आणि वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्याने सरकत्या पत्तीखाली मळ धरतो. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवले की बरेचदा उजेड परत येतो. न आल्यास त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडून पाहावीत. दिवे लागले तर डिमर खराब. काही जपानी गाड्यांत डिमर अर्थच्या बाजूला असतो. तिथे होल्डरवर १२ व्होल्ट दिसतात पण बल्ब लागत नाही, आणि नवखा माणूस बल्बच बदलत बसतो.

बल्बची निवड होल्डरवरून ठरते. एमजीबीसारख्या (१९६२ ते १९८०) ब्रिटिश गाड्यांच्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरमध्ये आट्यांचा ई-१० बल्ब, १२ व्होल्ट २.२ वॅट, पाठीमागून दाबून बसवलेल्या होल्डरमध्ये असतो. याच आट्यांचे २.५ व ३.८ व्होल्टचे टॉर्चचे बल्ब दुकानात शेजारीच पडलेले असतात. चुकून लावले तर लावताक्षणी जातात. बल्बच्या टोपीवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जपानी गाड्यांत १० मिलिमीटर व्यासाचे टी-१० आणि ५ मिलिमीटरचे टी-५ हे कॅपलेस (धातूच्या टोपीविना, नुसत्या काचेच्या बुडाचे) बल्ब येतात. टी-१० मध्ये ३ वॅट आणि ५ वॅट दोन्ही एकाच होल्डरमध्ये बसतात. जास्त उजेडाच्या मोहाने ३ च्या जागी ५ टाकला तर बंद डब्यात उष्णता साचून बल्बवरची रंगीत रबरी टोपी चिकटते, होल्डरचे प्लास्टिक मऊ होते आणि मीटरची तबकडी पिवळी पडते.

मीटर काढण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटे थांबावे. केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरची केबल आधी सोडवावी, नाहीतर क्लस्टर (सगळ्या मीटरांचा एकत्र डबा) अर्ध्यावर अडकते आणि ओढाताणीत प्लास्टिकचे कान तुटतात. एमजीबीच्या तेलदाब-तापमान जोडमीटरला मागून ईथर भरलेली बारीक तांब्याची नळी असते. ती मुडपली किंवा तुटली की तापमानाचा काटा कायमचा बसतो, म्हणून ते मीटर पूर्ण बाहेर न काढता जागच्या जागी थोडे पुढे घेऊन होल्डर उपटतात. काटा तबकडीवरून उपटण्याची गरज या कामात कधीच पडत नाही; उपटल्यास मीटरचे माप बिघडते. जुन्या ब्रिटिश मीटरच्या नर्लिंग केलेल्या (बोटांनी फिरवण्यासाठी कडेला खरखरीत खाचा असलेल्या) नटांचे आटे मेट्रिक नसतात. नट हरवला तर मेट्रिक नट बळेच फिरवून आटे मारण्यापेक्षा शिवाजी उद्यमनगरात लेथवर नमुन्याप्रमाणे तासून घेणे शहाणपणाचे.

होल्डर हातात आला की तो उजेडात धरून पाहावा. मधली पत्ती दबून सपाट झाली असेल तर बल्ब बसतो पण टेकत नाही. चिमट्याने ती जराशी वर उचलावी. हिरवट कळंक पेन्सिलीच्या खोडरबराने किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. डब्याच्या आतला पांढरा रंग धुळीने काळवंडला असेल तर तोही पुसावा, उडाला असेल तर आतून मॅट पांढरा द्यावा. एका बल्बचा उजेड तबकडीभर पसरवण्याचे काम हा रंगच करतो. बल्बमध्ये दोष नसताना उजेड मंद असण्याचे हे एक कारण.

क्लस्टरच्या पाठीला प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेघा असतात. होल्डर वारंवार फिरवल्याने त्यांचे कडे झिजते किंवा रेघ चिरते. या पट्टीवर तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवून कथलाचा डाग देऊ गेल्यास प्लास्टिक आक्रसते आणि रेघ उचलून येते. चांदीयुक्त वाहक रंगाचा थर किंवा तांब्याची चिकटपट्टी वापरावी. रेघ लांबवर गेली असेल तर होल्डरपासून कनेक्टरपर्यंत स्वतंत्र बारीक वायर टाकणे अधिक टिकाऊ.

दिवे लागतात पण मलूल, अशा वेळी अर्थ मोजावा. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला व दुसरी होल्डरच्या अर्थ बाजूला लावावी, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अर्थ संशयित. हा प्रकार क्षुल्लक वाटतो, पण बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लास (वीज न वाहणाऱ्या) बॉडीच्या गाडीत तर बॉडीला अर्थ देऊन काहीच साधत नाही. प्रत्येक अर्थ वायरने चॅसिसपर्यंत न्यावा लागतो.

एलईडी बसवण्याकडे हल्ली कल आहे. त्या कमी तापतात, तबकडी जपतात. पण ध्रुवीयता (प्लस-मायनस) उलटी लागली तर पेटत नाहीत (अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावाव्यात) आणि जुन्या रिओस्टॅटवर त्या नीट मंद होत नाहीत. निळसर पांढरी एलईडी मीटरमधल्या हिरव्या किंवा पिवळ्या गाळणीमागे (उजेडाला रंग देणाऱ्या पारदर्शक तुकड्यामागे) फिकी दिसते. मूळ रूप हवे तर वॉर्म व्हाइट किंवा गाळणीच्याच रंगाची घ्यावी. चार्जिंगचा लाल दिवा मात्र जुन्याच बल्बचा ठेवावा. अनेक गाड्यांत त्याच बल्बमधून अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) सुरुवातीचा प्रवाह मिळतो: २.२ वॅटच्या बल्बमधून सुमारे १८० मिलिअँपिअर, तर साध्या एलईडीतून २० च्या आसपास. तेवढ्याने अल्टरनेटर मंद फेऱ्यांवर जागा होत नाही, आणि मीटर झगझगीत दिसत असताना बॅटरी उतरत जाते. एलईडीच हवी असेल तर तिच्याशी समांतर सुमारे ६८ ओहमचा, किमान ५ वॅटचा रेझिस्टर जोडावा लागतो. तो तापतो, म्हणून प्लास्टिकपासून लांब धातूच्या पट्टीला बांधतात.