वळ्यांचा त्वचादाह (श्वान)

सैल, सुरकुतलेल्या कातडीच्या कुत्र्यांना दोन वळ्यांमधील सांदीत होणारा दाह. शार-पेई, पग, इंग्लिश बुलडॉग व फ्रेंच बुलडॉग या जातींत तो विशेष आढळतो. पगला तो नाकावरच्या वळीत, बुलडॉगला शेपटीच्या बुडाशी, तर कॉकर स्पॅनियलसारख्या लोंबत्या ओठांच्या कुत्र्यांना खालच्या ओठाच्या वळीत होतो. बेळगाव सीमाभागात पगच अधिक दिसतो. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने तो घरोघरी माहीत केला. शार-पेई येथे क्वचितच.

कारणमीमांसा : सांदीत वारा पोचत नाही. अश्रू, लाळ व त्वचेतील स्निग्ध स्राव तेथे साचतात, कातडीवर कातडी घासते आणि वरचा थर भिजून सुटतो. जुन्या ग्रंथांत हा विकार जंतुसंसर्ग म्हणून, पूयत्वचारोगांत घातलेला आढळतो. अलीकडील मत असे की दाह आधी होतो व जंतू नंतर माजतात. हेच अधिक ग्राह्य दिसते; कारण प्रतिजैविकाने आराम पडला, तरी वळी तशीच राहिल्यास विकार उलटतो. माजणाऱ्यांत स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जीवाणू व मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस हे यीस्ट (एकपेशीय बुरशी) प्रमुख. पहिल्याचे वर्णन २००५ मधील. त्यापूर्वीच्या प्रयोगशाळा-अहवालांत कुत्र्यांतील याच जीवाणूस स्टॅ. इंटरमीडियस म्हटलेले असते, हे जुने कागद वाचताना ध्यानात घ्यावे. दुसऱ्याचे मूळ वर्णन १९२५ मध्ये त्वचारोग झालेल्या एका भारतीय गेंड्यावरून झाले.

शार-पेईची कातडी : जातीचे मूळ दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील मानतात. हान काळातील (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) मृत्तिकामूर्तींत तिची पूर्वज जात दिसते, असे काही अभ्यासक सांगतात, पण त्या मूर्तींतील आखूड, भक्कम कुत्रा इतर जातींशीही जुळतो, तेव्हा हा पुरावा सूचक एवढाच मानावा. जनुकीय अभ्यासांत शार-पेई पूर्व आशियाई प्राचीन जातींच्या गटात पडते. विसाव्या शतकाच्या मध्यास चीनमध्ये ती जवळजवळ नामशेष झाली. १९७३ मध्ये हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी अमेरिकी श्वानप्रेमींना आवाहन केल्यावर ती तेथे वाढली. आजच्या दाट वळ्या व फुगीर थोबाड ही मुख्यतः या पाश्चात्त्य पैदाशीची देणगी. जुन्या चिनी वळणाचे कुत्रे त्यामानाने सडपातळ व कमी सुरकुत्यांचे असत. २०११ मधील संशोधनानुसार एचएएस२ जनुकाशेजारील डीएनए-खंडाच्या द्विरुक्तीमुळे त्वचेत हायल्युरोनिक आम्ल या पाणी धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाचे प्रमाण वाढते व कातडी जाड होऊन वळ्या पडतात. तीच द्विरुक्ती या जातीतील वारंवार येणाऱ्या तापाशीही निगडित आहे. कातडीत सुई टोचल्यास चिकट, पारदर्शक द्रव निघतो. तो पू नव्हे.

निदान : लाली, दुर्गंधी, तपकिरी चिकटा व केस झडणे ही लक्षणे. काचपट्टीवर ठसा घेऊन रंगवल्यास जीवाणू व यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येतात. सीमाभागात अशा प्रत्येक विकाराला सरसकट ‘खरूज’ म्हणण्याची रीत आहे. खरी खरूज व डेमोडेक्स माइटचा (केसांच्या मुळाशी राहणाऱ्या सूक्ष्म किडीचा) विकार यांसाठी कातडी खरवडून तपासतात. मात्र शार-पेईच्या जाड कातडीत डेमोडेक्स खरवडीत न सापडण्याचा संभव असल्याने तुकडा काढून तपासावा लागतो.

निगा : घाटमाथ्यावरील कणकुंबी, जांबोटी, खानापूर येथे पावसाळाभर हवा दमट असते, अथणीकडे पाऊस तुटपुंजा. म्हणून एकच दिनक्रम सर्वांना लागू नाही. खानापूरच्या बाजूस जून ते सप्टेंबर वळ्या रोज उघडून पुसाव्यात, इतरत्र आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसल्यावर सांदी कोरडी करणे हा निम्मा उपचार होय. द्रावण डोळ्यांत जाऊ देऊ नये. यीस्ट असल्यास २ टक्के क्लोरहेक्सिडिन व २ टक्के मायकोनाझोल (बुरशीनाशक) असलेला शाम्पू सुमारे दहा मिनिटे ठेवून धुतात. खोबरेल, करंजेल वा हळदीचा लेप ओलावा कोंडून ठेवतो. टाल्कम पावडरीचा चिखल होतो. जळके ऑइल तर विषारीच, शिवाय कुत्रा ते चाटतो. औषधदुकानातील माणसांची स्टेरॉइडमिश्रित मलमे लाली तात्पुरती दडवतात व कातडी पातळ करतात. हट्टी संसर्गात प्रतिजैविक संवर्धन-चाचणी (जंतू वाढवून त्यांवर कोणते औषध चालते ते पाहणे) करूनच द्यावे. बहुऔषधरोधी जीवाणू वाढत आहेत. वारंवार उलटत असल्यास अन्नाची वा हवेतील घटकांची ॲलर्जी तपासावी. स्थूल कुत्र्याचे वजन उतरवल्यास वळ्या उथळ होतात.

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हाऊंडची कातडी पातळ व घट्ट असल्याने त्याला हा विकार सहसा होत नाही. उपायांनी न आवरणाऱ्या विकारात वळी शस्त्रक्रियेने काढतात; मात्र पग व बुलडॉग यांचा श्वासमार्ग अरुंद असल्याने भूल देणे जोखमीचे ठरते.