राज्य उत्पन्नाचे पूर्वानुमान (महाराष्ट्र)

चालू आर्थिक वर्ष संपण्यापूर्वीच त्या वर्षात राज्याची अर्थव्यवस्था किती वाढेल, याचा बांधलेला अधिकृत अंदाज. महाराष्ट्रात नियोजन विभागाच्या अखत्यारीतील अर्थ व सांख्यिकी संचालनालय तो तयार करते आणि अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ विधिमंडळात मांडली जाते तेव्हा तो जाहीर होतो. बँका व पतमापन संस्थांचे अर्थतज्ज्ञही राज्यांविषयी भाकिते करतात, मात्र त्यांनाही पायाभूत आकडे बहुतांशी याच यंत्रणेकडून घ्यावे लागतात.

‘पूर्वानुमान’ म्हटले तरी यात भविष्यवेध थोडा आणि जुळवाजुळव फार. पाहणी साधारणपणे मार्चमध्ये येते, तेव्हा वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांचीच माहिती हाताशी असते. कारखानदारी, वाहननोंदणी, बँकठेवी, करवसुली यांच्या तोवरच्या आकड्यांवरून उरलेले महिने ताडले जातात. शेतीची अडचण वेगळी. खरिपाचा अंदाज बऱ्यापैकी हाती असतो, पण हरभरा आणि गहू अजून पुरते घरात आलेले नसतात, उसाचे गाळपही चालूच असते. पीक कापणी प्रयोगांचे (निवडक शेतांतले पीक कापून उत्पादन मोजण्याचे) अंतिम निष्कर्ष त्यानंतर येतात. म्हणून पूर्वानुमानामागोमाग पुढील वर्षांत पहिले, दुसरे असे सुधारित अंदाज निघतात. वर्तमानपत्रांत मथळा मिळतो तो मात्र पहिल्याच आकड्याला.

राज्याच्या सकल मूल्यवृद्धीत, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून त्यासाठी वापरलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून उरणाऱ्या मूल्यात, शेतीचा वाटा सेवाक्षेत्राच्या मानाने लहान असला, तरी सर्वाधिक हेलकावे तिथेच दिसतात. कृषी व संलग्न कार्यांची अपेक्षित वाढ २०२२-२३ च्या पूर्वानुमानात १०.२ टक्के होती, अपुऱ्या पावसाच्या २०२३-२४ मध्ये १.९ टक्के आणि २०२४-२५ मध्ये ८.७ टक्के. याच तीन वर्षांत एकूण अर्थव्यवस्थेचे पूर्वानुमान अनुक्रमे ६.८, ७.६ आणि ७.३ टक्के होते. म्हणजे शेतीची वाढ कोलमडली त्या वर्षीच एकूण आकडा सर्वांत देखणा होता. एवढ्यावरून ग्रामीण भागाची स्थिती वाचू पाहणारा फसतो. करोनाच्या २०२०-२१ मध्ये उलटे घडले: अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसेल, पण शेती ११.७ टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज होता.

राज्याच्या पातळीवर आणखी एक अडचण असते, ती म्हणजे राज्यांच्या सीमांवर देशाच्या सीमेसारखी सीमाशुल्काची चौकी नसते. मालाच्या आंतरराज्य देवघेवीची देशाच्या आयात-निर्यातीसारखी चोख नोंद होत नाही. रेल्वे, बँका, विमा अशा सेवांचे उत्पन्न राष्ट्रीय पातळीवर काढून राज्यांना वाटून दिले जाते. खासगी कंपन्यांचे ताळेबंदही राज्यनिहाय नसतात. मुख्यालय मुंबईत आणि कारखाना दुसऱ्या राज्यात असेल, तर मूल्यवृद्धी कोणाच्या पदरात टाकायची हे वाटपाच्या निकषावर ठरते. मुंबईमुळे हा प्रश्न महाराष्ट्राला इतर राज्यांपेक्षा जास्त छळतो.

या अंदाजावर बरेच काही अवलंबून असते. राज्याची कर्ज काढण्याची मर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या टक्केवारीत ठरते. राजकोषीय तूटही त्याच प्रमाणात मोजतात. छेद, म्हणजे राज्य उत्पन्नाचा आकडा, फुगला की तूट आपोआप सुसह्य दिसते. २०२७-२८ पर्यंत एक लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेचे जे उद्दिष्ट राज्याने जाहीर केले, त्यात पाहणीतल्या, महागाई वगळून काढलेल्या वाढदरासोबत महागाई आणि रुपयाचा विनिमयदरही मिसळलेला आहे. त्यामुळे ते उद्दिष्ट आणि पूर्वानुमान थेट शेजारी ठेवून ताडता येत नाहीत.

संचालनालय जिल्हा उत्पन्नही काढते. विभागीय असमतोलाच्या वादात, म्हणजे वि. म. दांडेकर समितीपासून (१९८४) विजय केळकर समितीपर्यंत (२०१३) गाजलेल्या चर्चेत, जिल्हानिहाय तुलनेला साहजिकच वजन आले. हे उत्पन्न जिथे निर्माण झाले तिथे मोजले जाते, ते घेणारा जिथे राहतो तिथे नाही. विरारहून लोकलने चर्चगेटला जाणाऱ्या नोकरदाराच्या श्रमाचे मूल्य मुंबईच्या खात्यात पडते, आणि सुरजागडच्या खाणीतून निघालेल्या लोहखनिजाचे मूल्य गडचिरोलीच्या, मग नफा घेणारा भागधारक कुठेही राहो.