खांब सरकवणारा प्रतिध्वनी

रामनवमीच्या सप्ताहात आमच्या गावी मंदिरापासून वेशीपर्यंत खांबांवर कर्णे बांधलेले असायचे. परभणी जिल्ह्यातलं गाव, रस्ता सरळसोट. मंडपात बसलं की कीर्तन स्वच्छ ऐकू यायचं. रस्त्यावरच्या पहिल्या खांबाखाली उभं राहिलं की मात्र बुवांचा प्रत्येक शब्द तीनदा यायचा आणि अभंगाचा अर्थ त्या गलक्यात हरवायचा. तारेतून वीज सगळ्या कर्ण्यांपर्यंत जवळपास एकाच क्षणी पोचते. उशीर होतो तो हवेत. चैत्रातल्या रात्री हवा 30 अंशांच्या आसपास असली तर आवाज सेकंदाला सुमारे 350 मीटर जातो. म्हणजे 70 मीटरवरच्या दुसऱ्या कर्ण्याचा शब्द 200 मिलिसेकंद मागे आणि 140 मीटरवरच्या तिसऱ्याचा 400 मिलिसेकंद मागे. उशीर साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत असेल तर कान दोन्ही आवाज एकच धरतो. इथे तो त्याच्या कितीतरी पुढे गेलेला.

पण गजर सुरू झाला की चमत्कार व्हायचा. लय चढत चढत मिनिटाला 150 मात्रांवर आली, की एक मात्रा बरोबर 400 मिलिसेकंदांची होते. मग दुसऱ्या कर्ण्याचा टाळ अर्ध्या मात्रेवर पडायचा आणि तिसऱ्याचा थेट पुढच्या मात्रेवर. गलका नाहीसा व्हायचा. रस्त्यावर आणखी दोन टाळकरी येऊन उभे राहिलेत असं वाटायचं. लय आणखी चढली की पुन्हा सगळं विस्कटायचं, कारण खांब जागचे हलत नव्हते.

सिंथेसायझर म्हणजे विजेवर स्वर घडवणारं वाद्य, आणि डिले म्हणजे वाजवलेला आवाज ठरावीक उशिरानं पुन्हा ऐकवणारी त्यातली सोय. त्यातला लयबद्ध मल्टी-टॅप डिले म्हणजे लयीबरोबर हे खांब सरकवणारं यंत्र. बँजो पार्टीतला कीबोर्डवाला ज्याला नुसतं ‘एको’ म्हणतो, त्याचंच हे शिकलेलं रूप.

त्यातला ‘टॅप’ समजून घ्यायला पैठणचा कालवा बरा. धरणातून पाणी एकदाच सुटतं, पण कालव्याला जागोजागी चाऱ्या फुटतात. जवळच्या चारीला पाणी आधी येतं, टेलच्या शेतकऱ्याला ते उशिरा मिळतं. डिलेमध्ये आवाज असाच एका लांब वाटेनं सोडतात आणि ठरावीक अंतरांवर चाऱ्या काढतात. प्रत्येक चारी म्हणजे एक टॅप. कुठली किती उघडायची, कुठली डाव्या स्पीकरला आणि कुठली उजव्याला द्यायची, हे वाजवणाऱ्याच्या हाती.

पूर्वी ही वाट चुंबकीय फितीची होती. 1974 साली आलेल्या रोलँडच्या ‘स्पेस एको’ यंत्रात फितीवरचा आवाज वाचायला तीन हेड होती. मोटरचा वेग बदलला की तिन्ही उशीर एकाच प्रमाणात बदलत. आता वाट असते संगणकाच्या स्मृतीत, गोल रिंगणासारखी. दर सेकंदाला आवाजाचे साधारणपणे 44,100 नमुने, म्हणजे क्षणोक्षणी घेतलेली मापं, ओळीनं लिहिले जातात, रिंगण भरलं की पहिल्यावर नवा चढतो. टॅप म्हणजे लिहिणाऱ्याच्या मागून ठरावीक अंतर राखून चालणारा वाचणारा.

ते अंतर किती ठेवायचं? एका मात्रेचा वेळ म्हणजे 60 भागिले मिनिटातल्या मात्रा. लय 100 असेल तर मात्रा 600 मिलिसेकंदांची, म्हणजे 26,460 नमुन्यांची. अर्धी मात्रा 300, पाव 150, पाऊण 450, तिश्रातला एक तृतीयांश 200 मिलिसेकंद. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली आहे त्यांना या यंत्राचा मेनू परका वाटू नये. इंग्रजीत ज्या स्वराला ‘डॉटेड एट्थ’ म्हणतात, तो आपल्याकडे सरळ पाऊण मात्रा आहे, आणि मला आपलंच नाव जास्त नेमकं वाटतं.

लय यंत्राला कळते कशी? एकमेकांशी जोडलेल्या वाद्यांत 1983 पासून मिडी नावाची समान भाषा आहे. तिच्यात दर मात्रेला 24 टिचक्या पाठवल्या जातात. 100 लयीला दर 25 मिलिसेकंदांनी एक. माणूस ढोलकी वाजवत असेल तर पायाखालचं बटण मात्रेवर दाबत राहायचं, यंत्र दोन दाबांमधला वेळ मोजतं.

खांब सरकवण्यात एक गंमत दडलेली आहे. वाचणारा आपली जागा हळूहळू बदलू लागला, की तेवढ्यापुरता तो लिहिणाऱ्यापेक्षा वेगानं किंवा सावकाश चालतो, आणि स्वर वर-खाली सरकतो. एसटी हॉर्न वाजवत जवळून गेली की सूर उतरतो ना, तसंच. काही वादक हे मुद्दाम करतात. ज्यांना सूर ढळायला नको, त्यांच्यासाठी यंत्र जुना टॅप हळूच बुजवत नव्या जागी दुसरा उघडतं.

माझा स्वतःचा जीव पाऊण मात्रेवर जडला आहे. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, धरून एकच स्वर वाजवा आणि प्रतिध्वनी मोजा: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. पहिले तीन मात्रेच्या आडवे जातात, चौथा बरोबर मात्रेवर उतरतो. दादऱ्याच्या सहा मात्रांत आठवा प्रतिध्वनी पुढच्या समेवर येतो. केरव्याच्या आठ मात्रांत मात्र समेवर यायला तीन आवर्तनं आणि 32 प्रतिध्वनी लागतात. साध्या एकोत दर वेळी आवाज निम्मा होत गेला, तर दादऱ्यातला तो आठवा पोचेपर्यंत मूळ स्वराच्या 256 व्या हिश्शाएवढा उरतो, कानाला लागतही नाही. मल्टी-टॅपमध्ये प्रत्येक चारीची झडप वेगळी असते. मधले सात मंद ठेवून आठवा पूर्ण उघडला, की सहा मात्रांपूर्वी सोडलेला स्वर समेवर भरल्या आवाजात परत येतो, आणि आपण त्याच क्षणी नवा स्वर वाजवत असतो.