स्पोर्ट्स कार की तगडी सेडान? इंजिन एकच असलं तरी गाडी एक नसते

माझा ठाण्यात वागळे इस्टेटला गाड्यांच्या डिटेलिंगचा गाळा आहे, कोटिंग, पीपीएफ (म्हणजे रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म), आतली साफसफाई वगैरे, आणि गाडी लिफ्टवर चढली की मी सगळ्यात आधी ती खालून बघतो. वरून सगळ्याच चकाचक असतात हो, पण खाली गेलं की मालक रोज कुठून कुठे जातो ते स्पष्ट कळतं. स्पोर्ट्स कार असेल तर पुढच्या बंपरची खालची कड घासून पांढरी पडलेली असते, म्हणजे सोसायटीच्या रॅम्पने तिचं नाक धरलेलं असतं. आणि लांब सेडान असेल तर नाक ठीक असतं पण पोटाला, दोन चाकांच्या बरोब्बर मध्ये, लांबलचक ओरखडे, म्हणजे आपले डोंगराएवढे स्पीडब्रेकर. हे दोन ओरखडे बघूनच मी सांगू शकतो की या दोन गाड्या कागदावर कितीही सारख्या दिसल्या तरी त्या वेगळ्याच जातीच्या आहेत.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. दादा घणसोलीला राहतो, वीस वर्षं नोकरी करून पैसे साठवलेत आणि आता एक मनासारखी गाडी घ्यायचीय त्याला. सेकंडहँडमध्ये दोन बघून ठेवल्या होत्या, बीएमडब्ल्यूची झेडफोर एम४०आय, ही टू-सीटर स्पोर्ट्स कार, आणि बीएमडब्ल्यूचीच एम३४०आय, ही थ्री सिरीजमधली सेडान. मला फोन करून म्हणाला, "अरे दोघींना इंजिन तेच आहे ना, मग फरक काय, छप्पर उघडतं एवढाच ना?" आणि खरं सांगायचं तर दहातले आठ जण हेच विचारतात.

इंजिन खरंच तेच आहे, तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत, टर्बो. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, दोन्हीकडे ५०० न्यूटन मीटर. पॉवर झेडफोरला ३४० हॉर्सपॉवर, एम३४०आयला ३७४. शून्य ते शंभर झेडफोर ४.५ सेकंदांत आणि एम३४०आय ४.४ सेकंदांत. म्हणजे बघा, मागे सोफ्यासारखी सीट असलेली, चार दरवाज्यांची, शाळेच्या दप्तरांसकट मुलं बसतात ती गाडी टू-सीटर स्पोर्ट्स कारपेक्षा कणभर का होईना आधी शंभर गाठते. कारण तिची ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे जागेवरून सुटताना ती पकड सोडत नाही, आणि झेडफोरची सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर. म्हणून पहिली गोष्ट, शून्य ते शंभरचा आकडा बघून स्पोर्ट्स कार घ्यायची नाही. त्या आकड्यावर आजकालच्या सेडान जिंकतात, इलेक्ट्रिक तर सहज जिंकतात.

हा घोळ तसा जुना आहे. १९८५ साली पहिली एम५ लोकांसमोर आली तेव्हा बीएमडब्ल्यूने साध्या दिसणाऱ्या फाइव्ह सिरीजमध्ये एम१ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचीच पुढची आवृत्ती बसवली होती, २८६ हॉर्सपॉवरची. म्हणजे स्पोर्ट्स कारचं काळीज ऑफिसला जायच्या गाडीत. तेव्हापासून लोक ताकदीच्या आकड्यावरून गाडीची जात ठरवायला लागले. पण इंजिन काढून बाजूला ठेवा आणि मग बघा, खरा फरक राहतो तो तुम्ही गाडीत कुठे बसता आणि वजन कुठे बसतं याचा.

झेडफोरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,४७० मिलिमीटर आहे, थ्री सिरीजचं २,८५१. जवळजवळ ३८ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे एक फूट आणि वर थोडं. ऐकायला काही वाटत नाही. पण झेडफोरमध्ये बॉनेट लांब असल्याने तुम्ही जवळपास मागच्या चाकांना खेटून बसलेले असता, त्यामुळे स्टिअरिंग वळवलं की गाडीचं नाक तुमच्या समोर फिरताना दिसतं आणि मागची चाकं काय करतायत ते आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. शिवाय सीट इतकी खाली की रस्ता हाताला लागेल असं वाटतं. सेडानमध्ये तुम्ही मधल्या भागाच्या थोडं पुढे आणि वर बसता, गाडी वळते तेव्हा ती तुमच्याभोवती वळते, सगळं शांत, सगळं ताब्यात. दोन्ही छान आहे, पण दोन्ही एक नाही.

पोर्शे ९११ घेतली तर हीच गोष्ट अजून टोकाला जाते, १९६३ साली ती जगासमोर आली तेव्हापासून आजपर्यंत इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही, मागे. डिकी पुढे. तशी मागे दोन सीट आहेत पण त्यावर मोठं माणूस बसत नाही, बॅग बसते.

आता माझं सगळ्यात ठाम मत सांगतो, ज्यावर गाळ्यावर नेहमी वाद होतो. लोकांना वाटतं स्पोर्ट्स कार म्हणजे फास्ट चालवायची गाडी. माझ्या मते उलट आहे. स्पोर्ट्स कार ४० च्या स्पीडलाही मजा देते, कारण तुम्ही खाली बसलेले, आवाज जवळ, प्रत्येक वळण कळतं. सकाळी साडेसहाला ऐरोलीच्या पुलावरून छप्पर उघडून खाडीच्या वाऱ्यात निघालं की ५० मध्येसुद्धा मन भरतं (झेडफोरचं छप्पर दहा सेकंदांत उघडतं, आणि ५० पर्यंतच्या वेगात चालत्या गाडीतही उघडतं). मोठी तगडी सेडान मात्र ८० ला झोपलेली असते. तिला इतकं शांत बनवलंय की १०० ला वाटतं ५० ला चाललोय. तिला जागं करायचं तर असा वेग लागतो जो आपल्याकडे कायद्याने कुठेच चालत नाही. पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा १००, घाटात ६०, आणि कॅमेरे बसवलेत. अटल सेतूवर १००. आपल्या ठाणे जिल्ह्यात आमणेला सुरू होणारा समृद्धी पकडला तर १२०, बस. म्हणजे ७०० हॉर्सपॉवरची सेडान घेऊन तुम्ही त्यातली बहुतेक ताकद आयुष्यात कधी वापरणार नाही, आणि जो नवी मुंबईच्या पाम बीच रोडला रात्री वापरायला जातो त्याच्याबद्दल मला खरंच राग आहे, तिथे लोक चालायला येतात, रस्ता ओलांडतात. खरंच बघायचं असेल तर चेन्नई किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर ट्रॅक डे असतात, तिथे जा.

आणि वजन. आत्ताची एम५ हायब्रिड झालीये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही, ७२७ हॉर्सपॉवर, १००० न्यूटन मीटर, पण वजन साधारण २,४०० किलोच्या वर. झेडफोर १,५०० च्या थोडीशी वर. एकाच वेगातून थांबायचं असेल तर जड गाडीच्या ब्रेकना दीडपटीहून जास्त उष्णता गिळायला लागते, तिचे ब्रेक मोठे असतात म्हणून ती थांबते छान, पण डिस्क, पॅड, टायर सगळंच मोठं आणि सगळंच महाग. सरळ रस्त्यावर हे वजन जाणवतच नाही, इंजिन ते लपवून टाकतं. वळणात आणि ब्रेक मारताना ते बाहेर येतं.

वजनाचा अजून एक त्रास शोरूममध्ये कोणी सांगत नाही. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे लिफ्टवर एकावर एक गाड्या, त्याच्या खांबावर पाटी आहे, २,००० किलो. लोकांनी ती पाटी कधी वाचलेली नसते. माझ्या एका गिऱ्हाइकाने मोठी हायब्रिड सेडान बुक केली आणि डिलिव्हरीच्या आठवडाभर आधी मी त्याला ब्रोशरमधलं वजन बघ म्हटलं, तेव्हा कळलं की गाडी त्याच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये जाऊच शकत नाही, लांबी पण बसत नव्हती. आता शेजारच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने जागा घेतलीये.

टॅक्सचा हिशोब पण घालून बघा. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर २० लाखांच्या वरची पेट्रोल गाडी घेतली तर रोड टॅक्स १३ टक्के, पण बाहेरून पूर्ण तयार होऊन आलेली असेल किंवा कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. एम३४०आय चेन्नईत जुळवली जाते, झेडफोर ऑस्ट्रियात, ग्राझला बनून आलेली. समजा दोन्ही नव्या आणि दोन्ही ८० लाखांच्या धरल्या, तर एकीचा टॅक्स १० लाख ४० हजार आणि दुसरीचा १६ लाख. साडेपाच लाखांहून जास्त फरक नुसता कागदावर. दादा सेकंडहँड घेत होता म्हणून त्याला हे थेट लागत नव्हतं, पण एमएच सोडून दुसऱ्या पासिंगची गाडी घेतली तर इथे आणताना टॅक्स भरावा लागतो हे त्याला माहीतच नव्हतं, आणि स्वस्तात दिसणाऱ्या अर्ध्या गाड्या बाहेरच्याच पासिंगच्या असतात.

दोन दरवाजे म्हणजे स्पोर्ट्स कार हा पण एक गैरसमज. फोर सिरीज किंवा एम४ ला दोन दरवाजे आहेत पण खालचा सांगाडा थ्री सिरीजशी भाऊबंदकीतलाच, वजन, उंची, बसायची जागा सगळं त्याच घराण्यातलं. आणि उलट, पोर्शे पॅनामेराला चार दरवाजे असून ती बऱ्याच सेडानपेक्षा खाली बसते. दरवाजे मोजू नका, आत बसून पाय कुठे जातात ते बघा.

हेच दादाच्या वेळी झालं. आम्ही दोन्ही गाड्या एकाच रविवारी बघितल्या आणि मी हट्टाने मावशीला सोबत घेतलं. मावशीचं वय ६८, गुडघे दुखतात. झेडफोरमध्ये ती बसली, बसली म्हणजे शेवटचं वीतभर अंतर सोडूनच दिलं स्वतःला, आणि म्हणाली, "अरे हे पाटावर बसल्यासारखं आहे रे." उतरताना एक हात दरवाज्याला, एक हात माझ्या खांद्यावर, आणि पाय आधी बाहेर काढायचे की डोकं हेच तिला कळेना. एम३४०आयमध्ये मागे ती सहज बसली, पर्स मांडीवर, एसीचा व्हेंट स्वतःकडे फिरवला आणि दोन मिनिटांत गप्पा सुरू.

दादाचा चेहरा मात्र पहिल्या गाडीत वेगळा होता. ते मी बघितलं. म्हणून मी त्याला सरळ सांगितलं, घरात दुसरी गाडी असेल, म्हणजे मावशीला दवाखान्यात न्यायला, गणपतीला गावी जायला एक साधी गाडी उभी असेल, तर झेडफोर घे आणि अजिबात मागे बघू नकोस, हे वय परत येत नाही. पण एकच गाडी ठेवणार असशील तर एम३४०आय, आणि त्याच्या वरची सातशे हॉर्सपॉवरवाली तर नकोच, माझ्या मते आपल्या रस्त्यांना पावणेचारशेची ही सेडान पुरून उरते. जो एकुलती एक गाडी म्हणून स्पोर्ट्स कार घेतो तो सहा महिन्यांत ती विकायला काढतो, मी अशा तीन गाड्या विक्रीआधी पॉलिश करून दिल्यात, तिन्हींचं मीटर दहा हजारांच्या आत होतं.

दादाकडे जुनी बलेनो आहे. ती तो विकणार होता, आता नाही विकत.

एवढं ठरल्यावरही मी त्याला पैसे देऊ दिले नाहीत. विकणाऱ्याला सांगितलं, टेस्ट ड्राइव्ह तुमच्या दारातून नको, गाडी घणसोलीला आणा. मग दादाच्या बिल्डिंगच्या रॅम्पवर मी खाली उकिडवा बसलो, मोबाइलचा टॉर्च बंपरच्या कडेखाली धरला आणि त्याला सांगितलं सरळ नाही, तिरकी घे, आधी डावं चाक, हळू, अजून हळू. दोन बोटं जागा राहिली. "गेली का?" दादाने आतून विचारलं. गेली म्हटलं, ये वर.