कोन शंख : कवचावरून जात ओळखणे

उष्ण कटिबंधातील समुद्रांत राहणाऱ्या, कोनस प्रजातीतील विषारी गोगलगायींची जात रिकाम्या कवचावरून ठरवण्याची पद्धत. सातारा-सांगलीला समुद्र नाही. इथल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत आणि घरोघरच्या शोकेसमध्ये दिसणारे कोन शंख कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून गेलेल्यांनी कोकणातून, नाहीतर रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेतून आणलेले असतात. विकत घेतलेल्या शंखाचे मूळ ठिकाण बहुधा कळत नाही आणि ओळखीचा एक मोठा आधार तिथेच जातो.

शंख कोनसचाच आहे ना, हे आधी पाहावे. माथ्यावर बहुधा आखूड कळस, खांद्यापासून खाली निमुळता होत गेलेला शेवटचा वेढा आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीची अरुंद फट, म्हणजे मुख, ही त्याची ठेवण. काही स्ट्रॉम्बस शंख असेच दिसतात. पण त्यांच्या बाहेरच्या ओठाला खालच्या टोकाजवळ खाच असते.

नवखा विद्यार्थी रंगावरून जात सांगू पाहतो. वाळूत घासलेल्या, उन्हात पडलेल्या शंखाचा रंग उडालेला असतो, शिवाय एकाच जातीत नक्षी बदलते. म्हणून घडण आधी, नक्षी नंतर. कोनस मार्मोरियस आणि कोनस टेक्स्टाइल दोन्हींवर पांढरे त्रिकोण असतात. बोट फिरवले की फरक कळतो : मार्मोरियसच्या खांद्यावर गाठींची रांग लागते, टेक्स्टाइलचा खांदा गुळगुळीत असतो. मग नक्षी पाहावी. मार्मोरियसचे त्रिकोण काळ्या अंगावर असतात. टेक्स्टाइलचे तपकिरी रेघेने आखलेले, मधल्या पिवळसर पट्ट्यांत नागमोडी उभ्या रेषा. याउलट कोनस फिगुलिनस आणि कोनस बेट्युलिनस घडणीने बरेच सारखे, दोन्ही जड आणि रुंद खांद्याचे. तिथे नक्षीच निर्णय देते : फिगुलिनसच्या तपकिरी अंगाभोवती बारीक गडद रेषा, बेट्युलिनसच्या पिवळ्या-नारिंगी अंगावर गडद ठिपक्यांच्या ओळी.

कोनस जिओग्राफसचे कवच पातळ आणि हलके, खांद्यावर बारीक गाठी, मुख खालच्या बाजूला रुंदावलेले. तो मासे गिळतो आणि त्याच्या दंशाने माणसे दगावली आहेत. किनाऱ्यावरचा जिवंत कोन शंख कोणत्याही जातीचा असो, हातात घेऊ नये.

उंच कळसाचा, सडपातळ कोनस मिल्नेएडवर्डसी भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे. त्याची खरेदी-विक्री करता येत नाही.